पुढच्या चाकाचा ब्रेक : दोष शोधण्याची रीत

वसतिगृहाच्या दारात उभी असलेली मोटारसायकल आमच्या दृष्टीने वाहन कमी आणि रुग्णवाहिका अधिक. मागील पावसाळ्यात एका रात्री सहावीतील एका मुलास तापाने ग्लानी आली. आमच्यापैकी एकाने त्यास मागे बसविले, उपरण्याने कमरेशी बांधले आणि ग्रामीण रुग्णालयाची वाट धरली. निम्मी वाट सरली तशी गाडी जड होऊ लागली, जणू कोणी मागून धरून ठेवले आहे. रुग्णालय तीन किलोमीटर उरले असता ती थांबली. पुढचे चाक ढकलूनही फिरेना. पावसाचे थेंब डिस्कवर पडून चरचरत होते. मुलास दुधाच्या टेम्पोतून न्यावे लागले. तो दोन दिवसांनी बरा होऊन परतला. गाडी मात्र अर्ध्या तासात आपोआप बरी झाली होती, आणि आम्हास अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चाक सहज फिरत होते. डिस्क पॅड बदलण्यात आले, पैसे देण्यात आले. आठ दिवसांनी बाजाराहून परतताना तोच प्रकार पुन्हा घडला. दोष कळण्यापूर्वी भाग बदलला की असेच होते. शेवटी एका रविवारी नववीच्या मुलांना बरोबर घेऊन आम्हीच शोधास बसलो. त्या शोधाची रीत येथे मांडीत आहोत.

प्रथम यंत्र समजून घेऊ. लिव्हर ओढला की मास्टर सिलिंडरमधील लहान पिस्टन ब्रेक ऑइल दाबतो. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण विज्ञानात शिकलो आहोत. वरचा पिस्टन १२ मिलिमीटर व्यासाचा आणि खाली कॅलिपरमधील ३० मिलिमीटरचा धरला, तर क्षेत्रफळ सुमारे सव्वासहा पट होते आणि जोरही तितक्याच पटीने वाढतो. लिव्हर सोडल्यावर कॅलिपरच्या पिस्टनभोवतीचे रबरी सील, जे दाबाने किंचित मुरगळलेले असते, पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. तेथे वेगळी स्प्रिंग नसते. मुलांना याचेच सर्वांत नवल वाटले.

मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलच्या टाकीकडे जाणारे सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. लिव्हर पूर्ण सुटला की पिस्टन त्या छिद्रामागे सरकतो आणि नळीतील ऑइल टाकीशी मोकळेपणाने जोडले जाते. ऑइल तापून फुगले, तर जादा ऑइल त्याच वाटेने टाकीत परतते. ही वाट बुजली तर काय होईल, हा प्रश्न आम्ही मुलांपुढे ठेवला. एका मुलीने उत्तर दिले : ब्रेक स्वतःच लागेल, लागला की आणखी तापेल, आणि तापला की आणखी लागेल.

तर्क झाला, परीक्षा राहिली. थंड गाडीत दोष दिसत नाही, म्हणून मैदानात फेऱ्या मारून, वारंवार ब्रेक लावून आधी तो मुद्दाम उत्पन्न केला. मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, मागील भाग दाबून पुढचे चाक उचलले. चाक जाम होते. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून निपल पाव फेरा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक फिरू लागले. याचा अर्थ, कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला नव्हता; तसे असते तर दाब गेल्यावरही चाक धरलेलेच राहिले असते. दाब आत कोंडला होता. आता संशयित दोन उरले : आतून सुजलेला होज पाइप किंवा वरचे ते छिद्र. निपल घट्ट करून गाडी पुन्हा तापविली आणि या वेळी केवळ लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला केला. चाक तत्क्षणी सुटले. होज निर्दोष ठरला.

उलगडा साधा होता. उन्हाळ्यात गाडी पडून लिव्हर मोडला होता व त्या जागी बाजारातील स्वस्त लिव्हर बसविला होता. त्याचे टोक किंचित लांब असल्याने पिस्टन सदैव थोडा दाबलेला राही आणि छिद्र झाकले जाई. मूळ मापाचा लिव्हर बसविला; पिस्टनला टेकण्यापूर्वी तो थोडा मोकळा हलतो, याची खात्री करून घेतली.

अन्य लक्षणे थोडक्यात सांगतो. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागला आणि पुनःपुन्हा दाबल्यावर कडक झाला, तर बहुधा नळीत हवा आहे. दाबून धरला असता तो हळूहळू हँडलकडे बुडत गेला आणि बाहेर कोठेही गळती नसली, तर मास्टर सिलिंडरचे आतील सील गेले. लिव्हर कडक, पण गाडी थांबत नाही, अशा वेळी पॅड पाहावेत. शॉकअपमधून गळणारे ऑइल डिस्कवर उतरले असेल, तर नवे पॅडही वाया जातात. ब्रेक लावताना हँडल थरथरले तर डिस्क वाकडी किंवा असमान झिजलेली असण्याचा संभव असतो, पण हँडलचे बेअरिंगही तपासावे. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ या प्रकारासाठी ठरविलेला किमान उत्कलनबिंदू कोऱ्या ऑइलला २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषलेल्यास १५५ अंश आहे. उतरणीवर जुने ऑइल दगा देते ते यामुळे. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच ऑइल भरावे. ते रंगावर सांडल्यास रंग उचलते, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. तापलेल्या डिस्कला हात लावू नये आणि निपल सोडताना डोळ्यांवर चष्मा असावा. दुरुस्तीनंतर पहिली फेरी मैदानात, सावकाश आणि एकट्यानेच मारावी.

वसतिगृहाच्या नोंदवहीत आता गाडीसाठी एक पान राखले आहे. दर रविवारी दोन मुले पुढचे चाक उचलून हाताने फिरवितात, लिव्हरचा मोकळेपणा बोटाने पाहतात आणि टाकीतील ऑइलची पातळी लिहून ठेवतात. गेल्या महिन्यातील एका नोंदीत ‘लिव्हर ठीक, मागचा दिवा बंद’ असे लिहिले होते. दिवा त्याच संध्याकाळी बदलला.