पॅनलबाहेर उभं राहण्याआधी

ब्रिटनच्या लेबर पक्षात नॅशनल पॉलिसी फोरम नावाचं एक मंडळ आहे. पक्षाचं धोरण तिथे घडतं असं म्हणतात. त्यावर सभासदांची प्रतिनिधी म्हणून मी लंडन विभागातून उभी राहिले आणि पडले. पडल्याचं काही वाटेनासं झालं त्यालाही बराच काळ लोटला. पण तेव्हापासून निवडणूक जवळ आली की कुणाचा तरी फोन येतो, ‘ताई, मी अर्ज भरू का?’ विचारणारे बहुतेक आपल्याकडचेच असतात. नोकरीत स्थिरावलेले, हुशार, एखाद्या प्रश्नाने पोळलेले. फोनवर दरवेळी तेच ते सांगते, म्हणून आता लिहूनच टाकते.

आधी आकडे. फोरमवर सुमारे दोनशे माणसं असतात: कामगार संघटनांची, खासदारांची, नगरसेवकांची, संलग्न संस्थांची. मतदारसंघ शाखांमधल्या साध्या सभासदांच्या वाट्याला ५५ जागा येतात. अकरा विभाग, प्रत्येकी पाच, त्यातली एक तरुण सभासदासाठी. म्हणजे सगळेच्या सगळे ५५ एका बाजूने बोलले (जे मी कधी ऐकलेलं नाही) तरी ते चौथ्या हिश्शाच्या आसपासच राहतात. उमेदवारीच्या उत्साहात हा हिशोब कुणी करत नाही.

ही रचना कुठून आली तेही ठाऊक असावं. पूर्वी पक्षाच्या वार्षिक परिषदेत ठरावांवरून जाहीर खडाजंगी व्हायची आणि टीव्हीवर सारा देश ती बघायचा. १९९७ साली लेबरचे ब्लेअर सत्तेवर आले आणि त्याच वर्षी ‘पार्टनरशिप इन पॉवर’ नावाची नवी रीत मंजूर झाली. त्यानुसार धोरणाचे मसुदे आधी फोरमने घोळवायचे आणि मग परिषदेपुढे ठेवायचे. भांडण बंद झालं नाही, दाराआड गेलं. तिथे काय चालतं ते सभासदांना कळायचं तर आतल्या माणसाने बाहेर येऊन सांगायला हवं. २०१० पासून या जागांसाठी प्रत्येक सभासद थेट मत देतो. त्यापूर्वी परिषदेला गेलेले प्रतिनिधीच मत द्यायचे.

फोरमवर निवडून आलो म्हणजे जाहीरनामा लिहायला बसलो, असंही नाही. निवडणूक लागली की पक्षाच्या घटनेतल्या पाचव्या कलमानुसार एक वेगळी बैठक होते आणि जाहीरनाम्याचा शेवटचा मजकूर तिथे ठरतो. तिला फोरमचे अध्यक्ष-उपाध्यक्ष असतात, तुमच्यामाझ्यासारखा विभागीय प्रतिनिधी नसतो. माझ्या प्रचारात मला सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न होता, ‘तुम्ही गेलात तर अमुक गोष्ट जाहीरनाम्यात आणाल का?’ याला प्रामाणिक उत्तर एकच आहे: आणायचा प्रयत्न करीन, आणीन असं म्हणणार नाही. अशा उत्तराला टाळ्या पडत नाहीत.

मग हा खटाटोप निरर्थक आहे का? नाही. २००४ साली वॉरिक विद्यापीठात फोरमची बैठक झाली. तिथे कामगार संघटनांनी सरकारशी घासाघीस करून बऱ्याच गोष्टी पदरात पाडून घेतल्या. त्यातली एक अशी की बँक हॉलिडे हे चार आठवड्यांच्या पगारी रजेत मोजायचे नाहीत, वेगळे धरायचे. पुढे कायद्यात बदल झाला आणि २००९ पासून आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २८ दिवस पगारी रजा मिळू लागली. इथल्या हॉटेलांत, गोदामांत, वृद्धाश्रमांत राबणारी आपली मुलं ती रजा आज घेतात. पण हे कुणाच्या घणाघाती भाषणाने झालं नाही. संघटनांकडे माणसं होती, पैसा होता, मागण्यांची यादी तयार होती आणि निवडणूक वर्षभरावर आली होती. उलट उदाहरण २०२३च्या जुलैतलं, नॉटिंगहॅमच्या बैठकीचं. पहिल्या दोन मुलांपुरताच सरकारी भत्ता देण्याचा नियम रद्द करा, अशी मागणी पक्षात कितीतरी जण करत होते. नेतृत्वाने ते वचन द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते अंतिम मसुद्यात आलंच नाही. युनाइटसारख्या मोठ्या संघटनेनेही त्या मसुद्याला पाठिंबा दिला नाही, तरी तो पुढे गेला. जिथे युनाइटचं चाललं नाही तिथे लंडनच्या हॅरो भागातून गेलेल्या एका बाईचं किती चाललं असतं, याचा अंदाज करा.

आता निवडणुकीबद्दल. सांगलीकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही: साखर कारखान्याची निवडणूक जशी पॅनलची असते तशीच ही. डावीकडे मोमेंटम, मधल्या बाजूला लेबर टू विन, आणखीही काही गट. त्यांची नावं आधीच ठरतात, याद्या समर्थकांच्या फोनवर फिरतात, आणि मतदार आपल्या गटाच्या नावांवर खुणा करून मोकळा होतो. मी कुठल्याच पॅनलमध्ये नव्हते. माझं निवेदन वृद्धांच्या सेवेबद्दल होतं, कारण त्या क्षेत्रात मी नोकरी करते. ते चांगलं होतं, असं मला आजही वाटतं. पण विभागातल्या हजारो सभासदांपैकी किती जण दर उमेदवाराचं निवेदन उघडून वाचतात?

निवेदनाच्याही आधी शाखांचं नामांकन असतं आणि खरी चाळणी तिथेच लागते. शाखेची सभा असते आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी, कुठल्याशा थंड हॉलमध्ये. नामांकनाचा विषय निघेपर्यंत निम्मे लोक घरी गेलेले असतात. जे उरतात ते ठरवतात. आपल्या शाखेत तरी लोक तुम्हाला नावाने ओळखतात का, हे आधी बघा. दारोदार पत्रकं वाटताना, सभेनंतर खुर्च्या आवरताना जो दिसलेला असतो, त्याचं नाव सुचवायला कुणीतरी हात वर करतं. फक्त मेलवरून ओळख असलेल्यासाठी नाही करत.

दुसरी फसगत आपल्या माणसांच्या शुभेच्छांनी होते. गणेशोत्सवात, दिवाळीच्या कार्यक्रमात जो भेटेल तो म्हणतो, ‘आमचं मत तुम्हालाच.’ त्यातले बहुसंख्य पक्षाचे सभासदच नसतात! आणि तुमच्या आग्रहाखातर आज सभासद झाले तरी उपयोग नसतो, कारण मतदानाच्या हक्कासाठी सभासदत्वाची एक तारीख ठरलेली असते आणि ती उलटलेली असते. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. पक्षांतर्गत मतदान ही वेगळी गोष्ट आहे.

याच कार्यक्रमांत मला काश्मीरबद्दल बोलणी खावी लागली. २०१९च्या सप्टेंबरात ब्रायटनच्या परिषदेत काश्मीरवर तातडीचा ठराव झाला आणि इथले भारतीय भडकले. तो फोरमने केलेला नव्हता. फोरम वेगळा, परिषद वेगळी, हे मी समजावत बसले. कुणाला पटलं, कुणाला नाही. तुम्ही भारतीय नावाने उभे राहिलात की हा प्रश्न येणारच. तुमचं मत काय ते आधी ठरवा आणि मराठी मंडळात एक, पक्षाच्या शाखेत दुसरं असं बोलू नका. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या ओळखीची असतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. शाखेचं काही काम तुमच्याकडे असेल तर सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर हाताशी असतात. ते स्वतःच्या प्रचाराला वापरायचे नाहीत. माहिती-संरक्षणाचा कायदा इथे कडक आहे आणि उमेदवारी तर जाईलच, वर चौकशी मागे लागेल. ‘एकच मेसेज टाकते’ हा विचार मनात आला की फोन बाजूला ठेवा.

निवडून आलेल्यांचं काय होतं तेही जवळून पाहिलं आहे. माझ्या एका मैत्रिणीला जागा मिळाली. पदाला पगार नाही. मसुदे गठ्ठ्याने येतात, दुरुस्त्यांना मुदत थोडी असते, विभागातल्या शाखा आपापल्या सूचना पाठवत राहतात. बैठकीत तर एकेका शब्दावर रात्री उशिरापर्यंत ओढाताण चालते. ‘करू’च्या जागी ‘करण्याचा विचार करू’ आलं की जिंकलो का हरलो, हे लगेच कळतही नाही. परत आल्यावर काय मिळालं, काय सुटलं, याचं टिपण तिने सगळ्या शाखांना पाठवलं. असं करणारे प्रतिनिधी कमी आहेत आणि माझ्या लेखी या पदावरचं मुख्य काम तेच आहे.

म्हणून आता फोन करणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारते. कुठला एक विषय तुला मसुदा हातात न घेता बोलता येतो? पॅनलमध्ये जाणार असशील तर त्यांच्या बाकीच्या भूमिका तुला मान्य आहेत का? आणि पडल्यानंतरच्या महिन्यात शाखेच्या सभेला येशील का? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला मी अर्ज भरू नको असं सांगते. बाकीच्यांनी जरूर भरावा, आणि निवेदन पाठवण्याआधी मला वाचायला द्यावं.