घरांत वाढविलेलीं रोपें सशक्त कशीं होतील ?

वांगीं, मिरची, टोमॅटो यांची लावणी मृगाच्या पावसानंतर करावयाची असल्यास रोपें वैशाख-ज्येष्ठांतच तयार करावीं लागतात. त्या दिवसांत बाहेर ऊन कडक असतें. म्हणून पुष्कळ घरीं बीं खोक्यांत पेरून खोकें घरांत ठेवतात. रोपें भराभर उंच होतात व घरचीं माणसें संतुष्ट होतात. परंतु परसांत लावतांच पहिल्या उन्हांत तीं माना टाकतात आणि महिन्याची मेहनत फुकट जाते. असें कां व्हावें ?

उंची म्हणजे बळ नव्हे, हें याचें उत्तर होय. अंधारांतील अंकुर आपला अन्नसंचय देठ लांबविण्यांतच खर्च करतो. मातीखालून लवकर प्रकाशांत यावें, यासाठीं परमेश्वरानें त्याला ही शक्ति दिली आहे. कोठींतल्या बटाट्यांना फुटलेले लांब, फिकट कोंब तुम्हीं पाहिले असतीलच. चार्लस डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनीं सन १८८० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, गवताच्या कोंवळ्या अंकुराचा शेंडा झांकला तर तो प्रकाशाकडे वळत नाहीं. शेंड्यांत तयार होणारें वाढीचें द्रव्य सावलीच्या बाजूस अधिक जातें, ती बाजू अधिक लांबते, आणि रोप खिडकीकडे झुकतें. तेव्हां लांबट, वांकडें रोप हें जोमाचें नव्हे, तर प्रकाशासाठीं भुकेलेलें रोप समजावें.

यावरून पहिला नियम निघतो. अंकुर दिसतांच वरील झांकण त्याच दिवशीं काढावें व खोकें सकाळचें ऊन येणाऱ्या खिडकीशीं अगदीं लगत ठेवावें. खोलीच्या मध्यभागीं आपल्या डोळ्यांस उजेड पुरेसा वाटला, तरी रोपांस तो पुरत नाहीं. खोकें रोज फिरवावें. दाटी झाल्यास अशक्त रोपें कात्रीनें कापून काढावीं. उपटल्यास शेजाऱ्यांचीं मुळें दुखावतात.

दुसरा नियम पाण्याचा. खोक्याच्या तळास भोकें असावींत. वरची माती सुकूं लागल्यावर सकाळींच पाणी घालावें. माती सदा ओलीचिंब व हवा कोंडलेली असली, म्हणजे मातींतील बुरशी देठ जमिनीलगत कुजविते व रोपें एका रात्रींत कोलमडतात. यावर मागाहून उपाय चालत नाहीं.

तिसरा नियम वाऱ्याचा. मार्क जाफ या अमेरिकन शास्त्रज्ञानें सन १९७३ मध्यें दाखविलें कीं, ज्यांचे देठ रोज हळूच चोळले, तीं रोपें ठेंगणीं राहतात व बहुधा जाडहि होतात. म्हणून खिडकींतून झुळूक येऊं द्यावी, अथवा रोपांच्या शेंड्यांवरून दिवसांतून एक-दोन वेळां हलकेंच तळहात फिरवावा.

शेवटीं, लावणीपूर्वीं सात ते दहा दिवस रोपें कणखर करावीं. पहिल्या दिवशीं कोंवळ्या उन्हांत एक तास बाहेर ठेवून आंत आणावीं व मुदत रोज वाढवीत न्यावी. पाणी थोडें कमी करावें, परंतु रोपें सुकूं देऊं नयेत. लावणी सायंकाळीं करावी. टोमॅटोचें रोप लांबट झालेंच, तर खालचीं पानें काढून देठ खोल पुरावा. त्याला नवीं मुळें फुटतात. मुळाशीं मात्र पाणी सांचूं देऊं नये.

प्रभु येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यांतील खडकाळीवरचें बीं लवकर उगवलें, पण मूळ नसल्यानें उन्हानें करपलें, हें आपणांस ठाऊकच आहे. पालकांनींहि हा पाठ आपल्या मुलांसह खिडकींत करून पाहावा. लेंकरास ऊन-वारा लागूंच नये असें प्रेमापोटीं वाटतें. परंतु एक दिवस त्याला आपल्या उंबऱ्याबाहेर उभें राहावयाचें असतें. तो दिवस येण्यापूर्वीं रोज थोडें थोडें ऊन त्याच्या अंगावर पडूं द्यावें, आणि सायंकाळीं त्याला घरांत घ्यावें.