आरंभबिंदू तू ठरवायचा

अगं, "ताई, निर्देशक भूमितीची सूत्रं पाठ कशी करू?" असं विचारलंस म्हणून हे लिहितेय. एवढ्यात पाठ करूच नकोस. अण्णांच्या कपाटात सातबाऱ्याबरोबर मोजणीचे जुने कागद असतील, ते मागून घे. 'पोरीला कशाला हवेत' असं कुणी म्हणालंच तर सांग, शाळेचा अभ्यास आहे. खोटं नाहीच ते.

त्या कागदांची गोष्ट आपल्या शेजारच्या तालुक्यातली आहे. कंपनी सरकारच्या प्रिंगलसाहेबाची आधीची मोजणी नि आकारणी फसली, सारा लोकांना झेपेना. मग १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नव्यानं काम हाती घेतलं, आणि मुंबई इलाख्यातली पुढची जमीनमोजणी त्याच घडीवर बसली. या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब नि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपण रोज गुंठे-गुंठे करतो, ते या साखळीचं माप.

आता शंकू-साखळीनं रान कसं मोजायचे ते बघ. मोजणीदार रानात एक सरळ आधाररेषा धरायचा. तिच्यावर साखळी टाकत पुढं जायचा. बांधाचा एखादा कोपरा शंकूतून बघताना काटकोनात समोर आला, की तिथून त्या कोपऱ्यापर्यंत लंब मोजायचा. रेषेवर किती पुढं गेलो आणि रेषेपासून किती बाजूला गेलो, एवढे दोन आकडे टिपणात उतरले की कोपरा सापडला. तुझ्या पुस्तकातला एक्स निर्देशक नि वाय निर्देशक याहून निराळं काय सांगतात?

देकार्तचं नाव सर वर्गात घेतीलच. त्याचं पुस्तक १६३७ चं, आणि त्याच सुमाराला फर्मालाही हीच वाट स्वतंत्रपणे सापडली होती. गंमत अशी, की आपल्या आलेखवहीसारखे काटकोनात छेदणारे दोन ठळक अक्ष देकार्तच्या पुस्तकात नाहीत. ऋण निर्देशकही तो टाळायचा. तेव्हा तुला उणे चिन्हांची धास्ती वाटली तर फार मनाला लावून घेऊ नकोस.

चल, एक रान घेऊ. दक्षिणेचा बांध एक्स अक्ष, पश्चिमेचा बांध वाय अक्ष, दोन्ही मिळतात तो कोपरा आरंभबिंदू. एकक एक साखळी. कोपरे असे: (०, ०), (१०, ०), (८, ४), (०, ४). हा समलंब चौकोन झाला. समांतर बाजू १० आणि ८, उंची ४, म्हणून क्षेत्रफळ ३६. कशाचे ३६? गुंठ्याचे! साखळीत मोजलंस की उत्तर थेट गुंठ्यात येतं, रूपांतराची भानगडच नाही.

विहीर (१, १) वर आहे नि वस्ती उत्तरेच्या बांधावर (५, ४) ला. पाइपलाइन किती लागेल? एक्समधला फरक ४, वायमधला ३; वर्ग करून मिळवले की २५, वर्गमूळ ५. पाच साखळ्या म्हणजे १६५ फूट. २० फुटी पाइप नऊ लागतील. बांधाला समांतर आडवी-उभी नेलीस तर सात साखळ्या, २३१ फूट, म्हणजे बारा पाइप. दहावीत ज्याला अंतराचं सूत्र म्हणतात ते एवढंच. पायथागोरस निर्देशक घेऊन आला. (मधे भावकीचं रान आलं तर मात्र बारा पाइपच घ्यायचे. तिथं पायथागोरसचं कोण ऐकतंय!)

मार्क जातात ते दुसरीकडेच. (३, ५) आणि (५, ३) हे दोन वेगळे बिंदू आहेत, हे कळतं सगळ्यांना, घाईत विसरतात सगळ्या. (०, ४) कोणत्या चरणात, असं विचारलं की पोरी 'पहिल्या' लिहून मोकळ्या. तो वाय अक्षावर आहे, कुठल्याच चरणात नाही. ३ मधून –२ वजा करताना ५ येतात, १ नाही. तिथं कंस घालायचा आळस करू नकोस. अंतर काढताना कुठल्या बिंदूतून कुठला वजा केलास यानं काही बिघडत नाही, वर्ग सांभाळून घेतो. पुढच्या वर्षी चढ येईल, तेव्हा मात्र वर जो क्रम तोच खाली ठेवावा लागतो, नाहीतर चिन्ह उलटतं.

फोनवरच्या नकाशाबद्दलही सांगून ठेवते. बारामतीवर बोट दाबून धरलंस तर साधारण १८.१५, ७४.५८ असे आकडे दिसतील. पहिला आकडा अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून वर किती ते. म्हणजे इथं वाय आधी येतो नि एक्स मागून! आलेखकागदावर तसेच उतरवलेस तर बारामती भलतीकडेच जाईल. विषुववृत्त नि ग्रीनिचची रेषा हे अक्ष धरले तर सबंध भारत पहिल्या चरणात बसतो, आणि (०, ०) पडतो आफ्रिकेजवळच्या समुद्रात. आताची मोजणी रोव्हर नावाचं उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र घेऊन याच आकड्यांवर होते, साखळी ओढत कुणी फिरत नाही.

आता घरात मोठ्यानं वाचू नकोस असं थोडं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. आपल्या महाराष्ट्रानं ते १९९४ मध्येच केलं होतं. तरी लग्न ठरलं की कुणीतरी हक्कसोडपत्राचा कागद पुढं करतंच, आणि 'सही कर गं इथं' म्हणतं. सही करायची की नाही ते तेव्हा तुझं तू बघ. भावाच्या मायेनं केलीस तरी मी नावं ठेवणार नाही. पण कशावर करतेयस ते नकाशात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. कुठला गट, रस्ता कोणत्या बाजूनं, पाण्याची चारी कुणाच्या हद्दीतून, हे सगळं तुला वाचता यावं. 'मला बाई त्यातलं काही कळत नाही' हे वाक्य आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फार लाडानं वापरलं गेलंय.

बरं, आता वही काढ. मघाचंच रान घे, पण आरंभबिंदू उचलून ईशान्येच्या (८, ४) या कोपऱ्यावर ठेव. अक्षांच्या दिशा त्याच. प्रत्येक एक्समधून ८ नि प्रत्येक वायमधून ४ वजा कर. कोपरे होतील (–८, –४), (२, –४), (०, ०), (–८, ०). एक तिसऱ्या चरणात गेला, एक चौथ्यात, एक अक्षावर बसला. बांध जिथल्या तिथंच आहेत. आता पूर्वेच्या तिरक्या बांधाची लांबी दोन्ही वेळच्या आकड्यांनी काढ: वर्गमुळात २०, म्हणजे ४.४७ साखळ्या, जवळजवळ १४८ फूट. दोन्हीकडे तेच यायला हवं, आणि क्षेत्रफळ ३६. नाही आलं तर उणे चिन्हं पुन्हा तपास. तरीही जमलं नाही तर रात्री जेवणं आवरल्यावर फोन कर, वही समोर ठेवून.