स्थान सोडणाऱ्या पेशी

आमच्या वर्धा जिल्ह्यांत सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा पुष्कळांच्या गालांत दिवसभर असतो. त्यापासून तोंडाचा कर्करोग होतो, हें शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु गालांतील रोग मानेंतील गांठींत कसा पोंचतो, हा प्रश्न आम्हांस अधिक विचार करावयास लावितो.

तोंडाच्या अस्तरांतील पेशी भिंतींतील विटांप्रमाणें परस्परांस चिकटून असतात. ई-कॅडहेरिन नांवाचें प्रथिन हा त्या विटांमधील चुना होय, खर्ऱ्यांतला नव्हे! कर्करोगाच्या कांहीं पेशींत हें प्रथिन कमी होतें. त्या लांबट होतात, शेजार सोडतात आणि सरपटत रसवाहिन्यांत शिरतात. कित्येक पेशी मात्र अर्ध्या बदलूनच पुंजक्यानें निघतात. हें रूपांतर मुळांत रोगाचें नव्हे. गर्भाचे अवयव घडतांना तेंच घडतें; अमेरिकेंत एलिझाबेथ हे व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं प्रयोगशाळेंत तें दाखविलें.

रोग मानेंत पोंचला कीं रोगी जगण्याची आशा सुमारें निम्मी होते. म्हणूनच दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडांतील व्रण वैद्यांस दाखवावा, असें सांगतात. वडील मंडळी मात्र बहुधा मानेला गांठ आल्यावरच निघतात.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या (स्थापना १९६९) ठिकाणीं अशी गांठ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. तेथें वस्तीला आलेल्या पेशी पुन्हां पूर्वीचें रूप घेऊन एकमेकींस चिकटलेल्या असतात, आणि मानेच्या गांठींत तोंडाचें अस्तर दिसतें.