उटणं, किल्ला आणि घरातलं लहान मूल

॥ श्रीगुरवे नमः ॥



दिवाळी आठ दिवसांवर आली. घरोघरी भाजणीचे वास सुटले असतील, आणि गटावर विचारणा सुरू झाली आहे की सणाच्या दिवसांत लहान मुलांकडून उपासना कशी करून घ्यावी. म्हणून या पाठात पोथी थोडी बाजूला ठेवतो आहोत. दहा वर्षांच्या आतली मुलं आणि दिवाळी एवढाच विषय. यात आमच्या घरची एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती सांगायला आम्हाला दोन वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी नरक चतुर्दशीला पहाटे साडेपाचच्या सुमारास आम्ही या गटावर एक फोटो टाकला होता. नातू पाटावर बसलेला, कपाळाला कुंकू, समोर निरांजन. खूप जणांनी हात जोडलेले पाठवले. ‘काय संस्कार आहेत’ असंही कोणी लिहिलं. त्या फोटोच्या दहा मिनिटं आधी काय झालं होतं ते फोटोत नव्हतं. नातू तेव्हा चार वर्षांचा. गाढ झोपेतून उचलून त्याला न्हाणीघरात उभं केलं, अंगाला गार तेल, वरून खरबरीत उटणं, आणि गीझरचं पाणी यायला वेळ. त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. शास्त्राप्रमाणे सूर्योदयाच्या आत स्नान व्हायला हवं, घड्याळ पुढे पळतंय, आणि आमच्याकडून त्याच्या पाठीवर हात उठला. सूनबाई दारात टॉवेल घेऊन उभी होती. काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी धनत्रयोदशीच्या रात्री झोपताना त्याने विचारलं, “आबा, उद्या पुन्हा मारणार?”

एक वर्ष गेलं होतं. त्याला फराळ आठवत नव्हता, नवे कपडे आठवत नव्हते. अभ्यंगस्नानाचं त्याच्या मनात एवढंच उरलं होतं.

सद्गुरूंच्या कानावर आम्ही हे घातलं. वाटलं होतं समजूत घालतील किंवा रागावतील. त्यांनी फक्त विचारलं की त्या पहाटे सूनबाई काय करत होती. आम्ही म्हटलं, आदल्या रात्री साडेबारापर्यंत चकल्या तळत होती, पहाटे चारला उठून रांगोळी काढली, मग टॉवेल घेऊन उभी होती. मग त्यांनी विचारलं, तुमच्या लहानपणी हे सगळं एकच बाई करायची का? एवढं विचारून ते दुसऱ्याशी बोलायला वळले.

घरी येईपर्यंत आम्ही तोच विचार करत होतो. आमचं बालपण लष्करातल्या वाड्यात गेलं. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास इथे पडला आणि त्या छावणीचंच गाव झालं, म्हणून नाव लष्कर. त्या वाड्यांतून तीन-तीन पिढ्या एकत्र राहायच्या. दिवाळीच्या पहाटे तांब्याचा बंब आजोबा पेटवायचे. तेल लावायला काकू, उटणं लावायला आत्या, पाणी घालायला आई, ओवाळायला आजी. आम्ही आठ-नऊ पोरं रांगेत. पहिला रडला तरी दुसरा हसत असायचा, आणि अंगावर पडणारं पाणी कढत असायचं. ती पहाट पाच-सहा बायका आणि एका म्हाताऱ्याच्या जिवावर उभी होती. आता तीच पहाट आपण फ्लॅटमध्ये एका सुनेच्या खांद्यावर ठेवतो, आणि ती घड्याळाप्रमाणे झाली नाही की म्हणतो, हल्लीच्या मुलांना वळण नाही.

गटातल्या आज्यांना हे वाचून राग येईल, येऊ दे. आम्हालाही आला होता.

मागच्या वर्षी त्या प्रश्नानंतर आम्ही सूनबाईजवळ बसलो आणि पहिल्यांदा विचारलं की तुला काय वाटतं. सूनबाई ग्वाल्हेरचीच, पण माहेर हिंदी बोलणारं. लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती म्हणाली, “आई, हमारे यहाँ भी तो रूप चौदस को उबटन लगता है.” आपली नरक चतुर्दशी तीच त्यांची रूप चौदस. तिची आजी बेसन, हळद आणि सरसूचं तेल कालवून मुलांना लावायची, उजाडल्यावर, अंगणात, कोवळ्या उन्हात बसवून. सहा वर्षं ती आमच्या घरात उटणं भिजवत होती आणि तिच्या घरी याच दिवशी हेच होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही तिला ‘आमच्यातलं’ शिकवत होतो.

मग मागच्या वर्षी असं केलं. ब्राह्ममुहूर्ताचा नियम आम्ही दोघांनी पाळला. पहाटे उठलो, न्हालो, देवापुढे दिवा लावला, उपासना केली. नातू झोपला होता, त्याला झोपू दिलं. तो साडेसहाला उठला तेव्हा पाणी तापलेलं होतं, तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केलेली होती. उटणं आदल्या संध्याकाळी त्याच्याच हाताने कालवून घेतलं होतं. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या, एकेक त्याला हुंगायला दिलं. नागरमोथ्याला ‘मातीसारखा वास’ म्हणाला, वाळ्याला ‘कूलर’. ग्वाल्हेरच्या पोराला वाळा कूलरमधूनच माहीत असणार! सकाळी त्याने पहिलं उटणं आबांच्या पाठीला चोळलं, मग स्वतः बसला. त्याचं उटणं बेसन-सायीचं केलं होतं, कारण लहान कातडीला औषधी भुकटी झोंबते. आपल्या घरी मूल लहान असेल तर उटणं आधी मनगटाला थोडं लावून बघा, आणि तोंडाला लावूच नका.

कारीट पायाखाली चिरडायचं म्हणून तो थांबला होता. महाराष्ट्रात ती बाजारात ढिगाने येतात, इथे कुठली? आपल्याकडे बरेच जण कचरी आणतात, नाहीतर छोटी काकडी. आम्हीही कचरी आणली. त्याने ती अशी चिरडली की बिया भिंतीवर. नरकासुर मेला का म्हणून दोनदा खात्री करून घेतली.

आता मुलांच्या प्रश्नांविषयी. इथल्या मुलांना दिवाळीत एक प्रश्न हमखास पडतो आणि आपण तो टाळतो. शाळेत बाई सांगतात, दिवाली कार्तिक अमावस्या को होती है. घरी आजी म्हणते आश्विन अमावास्या. मूल विचारतं, खरं कोण? ‘आपलं ते खरं’ असं सांगून मोकळे होऊ नका. दोन्ही खरं आहे आणि मुलाला ते समजतं. आपल्या पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडच्या पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, आणि कृष्ण पक्षात त्यांचं नाव एक महिना पुढे असतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आम्ही एवढंच सांगितलं की आपला महिना काळोख्या रात्री संपतो, मम्मीच्या माहेरचा चांदण्या रात्री. आकाश तेच. पंधरा दिवसांनी त्याने गच्चीवरून पूर्ण चंद्र बघितला आणि आईला सांगितलं, आज तुमचा महिना संपला.

तसंच पाडव्याचं. आपल्याकडे बलिप्रतिपदा, शेजारी अंगणात शेणाचा गोवर्धन घालून पूजा चाललेली. लक्ष्मीपूजनाच्या ताटात आपल्याही लाह्या-बत्तासे आणि त्यांचेही खील-बताशे. करंजीला नातू गुजिया म्हणतो. आधी आम्ही दर वेळी टोकायचो, की गुजिया होळीची, मावा घालून, आणि करंजी दिवाळीची, खोबऱ्याची. आता दर वेळी टोकत नाही. सारण भरायला बसला की आपोआप करंजी म्हणतो, खाताना गुजिया. मराठी टिकायला हवी हा आमचा आग्रह आजही आहे, पण ती ताटावर बसून दटावल्याने टिकेल असं आता वाटत नाही. कामात हात घातला की शब्द येतात. पोळपाट, कातण, सारण, मोहन हे शब्द त्याला स्वयंपाकघरात आले, आणि त्याच्या आईलाही तिथेच.

इथल्या शाळांना दिवाळीची सुट्टी मोजकीच असते. पुण्याकडच्या भाच्यांना चांगली दोन-तीन आठवडे मिळते, त्यांचे किल्ले आपण व्हिडिओ कॉलवर बघतो. म्हणून आपल्याकडे बरेच जण किल्ला करतच नाहीत, वेळ कुठे म्हणतात. आमचं सांगणं आहे, एक वेळ चकली विकत आणा पण किल्ला करा. मुलं त्यात तीन-चार दिवस गुंततात, मोबाइल मागत नाहीत, आणि आजोबा लोकांनाही काम मिळतं.

मागच्या वर्षी वाद झाला तो कोणता किल्ला यावर. आबांचं म्हणणं रायगड किंवा सिंहगड. नातू म्हणाला, तो जो समोर दिसतो तो. आमच्या गच्चीवरून ग्वाल्हेरचा किल्ला रोज दिसतो, त्याला दुसरा किल्ला ठाऊक नव्हता. आबा थोडे नाराज झाले, मग स्वतःच पिवळी माती आणायला गेले. राजा मानसिंह तोमराच्या मानमंदिराला निळ्या फरशा आणि पिवळी बदकं हवीत म्हणून नातवाने कागद रंगवून चिकटवले. उतारावर मोहरी पेरली. शिवाजी महाराज मात्र वर बसलेच. आबा म्हणाले, महाराज १६६६ साली आग्र्याच्या कैदेतून निसटले, आणि आग्रा इथून सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, तेव्हा बसू देत.

कैदेचं नाव निघालं तसं सूनबाईने त्याला दुसरी गोष्ट सांगितली. ती तिने शाळेत असताना किल्ल्यावरच्या दाता बंदी छोड गुरुद्वाऱ्यात ऐकली होती. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंदजी यांना जहांगीर बादशहाने याच किल्ल्यात कोंडलं होतं. पुढे सुटकेचा हुकूम आला. परंपरा सांगते की गुरूंनी एकट्याने बाहेर पडायला नकार दिला, कारण आत आणखी ५२ राजे कैदेत होते. बादशहाने अट घातली की गुरूंचा पदर धरून जेवढे येतील तेवढे सुटतील. तेव्हा गुरूंनी ५२ कळ्यांचा, म्हणजे ५२ टोकांचा अंगरखा शिवून घेतला, आणि एकेक टोक धरून ५२ जण बाहेर आले. शीख लोक दिवाळीला बंदी छोड दिवस म्हणून दिवे लावतात तो याच्या स्मरणात. आपण गुरुभक्त म्हणवतो, जन्मभर या किल्ल्याच्या पायथ्याशी राहतो, आणि दिवाळीची ही गोष्ट आमच्यापैकी कोणी मुलांना सांगितली नव्हती.

नातवाला ५२ राजे हवेच होते. खेळण्यातले शिपाई निघाले अकरा. शेवटी छोले मोजले. बावन्नपर्यंत तो पहिल्यांदाच मोजत होता, एकोणतीस आणि एकोणचाळीसला अडायचा, परत पहिल्यापासून. आईच्या जुन्या ओढणीच्या चिंध्या कापून प्रत्येक छोल्याला एक चिंधी. एक छोला पाटाखाली घरंगळला तर रात्री नऊ वाजता सगळ्यांना शोधायला लावला, म्हणाला तो एकटा आत राहील. सापडेपर्यंत जेवला नाही.

फटाक्यांचं थोडक्यात. लहान मूल घाबरत असेल तर त्याला आत घेऊन बसा. ‘घाबरट’ म्हणू नका आणि हातात बळेच फुलबाजी देऊ नका. सुती कपडे, पायात चप्पल, जवळ पाण्याची बादली, आणि फुलबाजीची जळकी तार लगेच बादलीत.

भाऊबीजेला ज्या मुलीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं ही जुनी रीत आहे, ती जरूर करा. मुली गच्चीवर जाऊन बीजेची कोर शोधतात. ती लवकर मावळते, म्हणून अंधार पडायच्या आतच वर जा.

या वेळचा अभ्यास एवढाच: लक्ष्मीपूजनाच्या आधी एखाद्या संध्याकाळी घरातल्या सुनेला, किंवा सुनेने सासूला, विचारायचं की तुझ्या लहानपणी या दिवशी काय असायचं. मधे बोलायचं नाही. मुलांना जवळ बसवा. जे निघेल त्यातली एक गोष्ट यंदा करायची. पहाटेच्या कामांची वाटणी आदल्या रात्री सगळ्यांनी बसून करायची, त्यात पुरुषांच्या वाट्याला निदान पाणी तापवणं आणि मुलांना तेल लावणं यावं. स्नानाच्या वेळचे फोटो यंदा गटावर टाकू नयेत अशी विनंती आहे. आम्हीही टाकणार नाही.

भाऊबीजेनंतरच्या शनिवारी नेहमीच्या वेळी बैठक आहे. मुलांना घेऊन या. किल्ले मोडण्याआधी बघायला आम्ही घरोघरी येऊ, कोणाकडे कधी यायचं ते गटावर कळवा. आमच्या नातवाचा किल्ला यंदा अजून सुरू झालेला नाही, पण छोले मोजून डब्यात ठेवले आहेत.

जय गुरुदेव.