ऑपरेशन पुण्यात, घर लातुरात

आमच्या अण्णांची बायपास पुण्यात झाली आणि चांगली झाली. हाल झाले ते परतीच्या रस्त्यावर. सकाळी सुट्टी मिळणार म्हणून गाडी दारात उभी होती. बिल, कागद, औषधं होईतो दुपार टळली. लातूर तिथून साधारण साडेतीनशे किलोमीटर. बार्शीच्या अलीकडे अण्णांना दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. बार्शीतल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, पाणी किती प्यायलात? रस्त्यात लघवीला उतरावं लागू नये म्हणून अण्णांनी दिवसभर घोटभर पाण्यावर भागवलं होतं, वर लघवीची गोळी चालू. मग विचारलं, डिस्चार्ज कार्ड कुठंय? ते डिकीत, सगळ्या बॅगांच्या तळाशी. ती रात्र बार्शीतच काढली.

मी नांदेडला असते. आता ओळखीतलं कुणी ऑपरेशनला बाहेरगावी निघालं की जायच्या आधीच त्यांच्याशी परतीचं बोलून घेते.

दवाखाना ठरवताना. देगलूर, बिलोली, धर्माबादकडची माणसं सवयीनं हैदराबाद गाठतात, पण राज्याबाहेर जाण्याआधी खर्चाच्या योजनेचं बघून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते यादीतल्याच रुग्णालयात आणि ठरलेल्याच उपचारांना मिळतं. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, तिथलं रुग्णालय त्या यादीत असेल तर. त्यामुळे भरती होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. मूळ रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत असू द्या.

तिकीट. हृदयाच्या ऑपरेशनला, कॅन्सरच्या उपचारांना, किडनी प्रत्यारोपणाला किंवा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये ताज्या टाक्यांचा माणूस वरच्या बर्थवर चढवू नका. बहुतेक गाड्यांत संडासही नसतो.

सुट्टी झाल्यावर. त्याच दिवशी निघायची घाई नको. डॉक्टर ‘प्रवास चालेल’ म्हणेपर्यंत दवाखान्याजवळ राहा आणि निघायचं ते सकाळी. मुंबईत टाटा रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा सोयी आहेत. त्यांची चौकशी जायच्या आधी करा. विमानानं यायचं असेल तर सर्जनला स्पष्ट विचारा. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये आत वायू भरला असेल, तर तो जिरेपर्यंत विमानप्रवास चालत नाही.

गाडीत. तासा-दीड तासानं थांबा, चार पावलं चाला. बसल्या जागी पावलं वरखाली हलवत राहा. बराच वेळ पाय लोंबकळत राहिले की पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते, आणि ऑपरेशननंतर तो धोका वाढतो. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या आणि तेवढं प्याच. छातीचं ऑपरेशन असेल तर माणूस मागच्या सीटवर, पट्ट्याखाली मऊ टॉवेल, खोकताना छातीशी उशी. सामान सोबतच्यानं उचलायचं. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, दम लागला किंवा छातीत कळ आली तर ‘लातूर आलंच की’ म्हणत पुढं जाऊ नका, जवळचा दवाखाना गाठा. डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या आणि सर्जनच्या टीमचा फोन नंबर हातातल्या पिशवीत ठेवा.

घरी आल्यावर. टाके काढणं, ड्रेसिंग, रक्ताच्या साध्या तपासण्या यांसाठी दर वेळी पुणं गाठावं लागत नाही. निघताना सर्जनला विचारा, यातलं गावाकडं काय करता येईल, आणि तिथल्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी मागून घ्या. अण्णांचे टाके लातुरातच निघाले. त्या चिठ्ठीमुळे एक अख्खी फेरी वाचली, आणि बार्शीनंतर आम्हाला तेवढंच हवं होतं.