शेर गेला, पाव राहिला : बाजारातली मापे आणि आपली सवय

आपल्या भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण दुकानात गेल्यावर आपण काय म्हणतो? "पाव किलो तिखट द्या." '२५० ग्रॅम द्या' असे म्हणणारे फार थोडे! असे का, ते आज पाहू.

पूर्वी वजन शेर-मणाने होत असे. ८० तोळ्यांचा एक शेर आणि ४० शेरांचा एक मण. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. शेर गेला, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे शब्द किलोला येऊन चिकटले. निम्मे, निम्म्याचे निम्मे असे भाग डोळ्यांसमोर पटकन उभे राहतात ना, म्हणून.

काही ठिकाणी तर जुने मापच टिकले. टीव्ही आपण इंचात मागतो, प्लॉट चौरस फुटात घेतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, बोलताना मात्र आपण एकरच म्हणतो. सवयीच्या मापात वस्तूचा अंदाज येतो. यात चूक काहीच नाही. पण भाव ठरवताना सावध राहायला हवे.

उदाहरण १ : जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज बोलताना आपण १० ग्रॅमलाच तोळा म्हणतो. आजीच्या पाटल्या जुन्या ५ तोळ्यांच्या असतील, तर त्या सुमारे ५८.३ ग्रॅम भरतील. "पाच तोळे घ्या, पाच तोळे द्या" असा व्यवहार केला, तर आठ ग्रॅमहून जास्त सोने गेले की नाही? म्हणून मोड देताना वजन ग्रॅममध्येच करून घ्यावे.

उदाहरण २ : समजा, एका प्लॉटचा भाव ९०० रुपये चौरस फूट आहे आणि दुसऱ्याचा ९,५०० रुपये चौरस मीटर. दुसरा आकडा ऐकून छाती दडपते! पण एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. भागाकार करा. दुसरा प्लॉट सुमारे ८८३ रुपये फुटाने पडतो, म्हणजे तोच स्वस्त.

तर लक्षात ठेवा : बोलायला कोणतेही माप चालेल, पण तुलना करण्याआधी दोन्ही भाव एकाच मापात आणा.

गृहपाठ : तिखटाचे २०० ग्रॅमचे पाकीट ७० रुपयांना आणि ५०० ग्रॅमचे १८० रुपयांना मिळते. मोठे पाकीट खरंच स्वस्त आहे का? १०० ग्रॅमचा भाव काढून घरी सर्वांना दाखवा. आजी-आजोबांना विचारून त्यांच्या वेळची पाच मापेही वहीत लिहून आणा.